कंट्रोलचं रक्त

त्या शनिवारी माया रामटेकेने स्वतःच्या रक्ताची नळी जंतुनाशकाच्या बादलीत रिकामी केली, आणि आपल्या हातून काही चूक होते आहे असं तिला जराही वाटलं नाही.

नागपुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ती बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करत होती. प्रयोगशाळेची रीत जुनी होती. रुग्णांचे नमुने तपासायला लावले की त्यांच्या रांगेत एका निरोगी माणसाचाही लावायचा. त्याला कंट्रोल म्हणायचं. निरोगी माणूस दर वेळी बाहेरून कुठून आणणार? मग जो काम करतो तोच बाही वर करतो. प्रयोग सुरू झाल्यापासून कंट्रोलचं रक्त मायाचं होतं. तिचा आकडा कायम तिशीच्या आसपास येई. इतका नेमाने, की तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा सौरव त्यावरूनच मशीन ठीक चाललंय की नाही ते ठरवायचा.

त्या दिवशी तो आकडा ऐंशीच्या वर गेला.

"मशीन बिघडली का तू बिघडली?" सौरवने पडद्याकडे बघत विचारलं.

मायाने पुन्हा लावून पाहिलं. तेवढाच.

"काल रात्री मेथी खाल्ली मी," ती म्हणाली. पालेभाजीने हा आकडा फुगतो, हे तिला पाठ होतं. रुग्णांना ती स्वतःच बजावून सांगायची, आदल्या दिवशी पालेभाजी नको, बीट नको, रात्रीपासून उपास, पाणी मात्र हवं तेवढं प्या. "नियम दुसऱ्यांसाठी अन् मेथी आपल्यासाठी! दे तुझं रक्त. पूर्ण रांग कायले वाया घालवायची?"

"मह्या रक्तात पोह्यावरची तर्री निघते," सौरव म्हणाला आणि हात पुढे केला.

त्याचा आकडा चौतीस आला. रांग ग्राह्य धरली गेली. मायाची नळी बादलीत गेली.

मोजायचं होतं ते नायट्रिक ऑक्साइड. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी हा वायू स्वतःच तयार करतात. आर्जिनिन नावाचा पदार्थ घेऊन एक एन्झाइम, त्याला सिंथेज म्हणतात, त्यातून हा वायू मोकळा करतं. वायू सुटला की वाहिनीभोवतीचा स्नायू सैलावतो, वाट रुंद होते, रक्त पुढे सरकतं. पेशीला गरज असेल तेव्हा हे एन्झाइम जागं होतं, गरज संपली की थांबतं. निरोगी माणसात हे आयुष्यभर चालू असतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

सिकलसेलच्या माणसात हा तोल बिघडतो. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि फुटताना आपल्या पोटातलं दुसरंच एक एन्झाइम रक्तात सांडतात. ते आर्जिनेज. तेही आर्जिनिनच खातं. सिंथेज जागंच असतं, पण त्याच्या पुढ्यात कच्चा माल उरत नाही. जो थोडा वायू तयार होतो तो फुटक्या पेशींतून सांडलेलं हिमोग्लोबिन पिऊन टाकतं. वाहिन्या आवळत जातात. फुप्फुसातल्या वाहिन्या आवळल्या की त्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकायला लागते. दुखत नाही. फक्त दम लागतो, आणि माणूस म्हणतो, अशक्तपणा असेल.

विभागप्रमुख कामिनी मॅडमचा प्रयोग याच्यावर होता. रुग्णांना आर्जिनिनची पावडर द्यायची. अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना तशीच दिसणारी स्टार्चची. कोणाला कोणती, ते ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. दर महिन्याला रक्त घेऊन वायू वाढला का ते बघायचं. वायू स्वतः क्षणात नाहीसा होतो, तो नळीत सापडत नाही. म्हणून त्याचे मागे राहिलेले अवशेष मोजायचे, नायट्राइट आणि नायट्रेट. पालेभाजीतूनही हेच रक्तात येतात. मॅडम वर्गात सांगत, "आपण राख मोजतो आणि चूल किती पेटली होती ते सांगतो." मुलं हसत आणि लिहून घेत.

नळ्यांवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. पण करिष्मा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायची, आणि त्या दिवशी ताजी नळी बहुतेक वेळा तिची एकटीचीच असायची; रांगेतल्या बाकीच्या आठवडाभर साठवलेल्या. करिष्मा मायाची धाकटी बहीण. तिचा क्रमांक कोणता, हे मायाला कळू नये असा नियम होता. न कळण्याची सोय मात्र नव्हती.

आई आणि बाबा दोघांकडूनही सिकलसेलचा एकेक दोष घरात आला होता. मायाच्या वाट्याला दोन्हीकडचं चांगलं आलं, करिष्माच्या वाट्याला दोन्हीकडचं वाईट. आई दोघी शाळेत असतानाच गेली. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक असलेल्या धम्मानंद रामटेक्यांनी दोन मुली वाढवल्या, एकीला पुस्तकं पुरवून, दुसरीला दवाखान्यात नेऊन. करिष्माचं लहानपण सांधेदुखी, सलाइन आणि "पाणी पी, पाणी पी" यात गेलं. पाणी कमी पडलं की वाकड्या पेशी अडकतात आणि कळा सुरू होतात, म्हणून तिच्या उशाला, दप्तरात, खिडकीत सगळीकडे बाटल्या असत. "मी माणूस नाही, टँकर आहे," ती म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात ती सक्करदऱ्याच्या फ्लॅटचा जिना चढताना मध्येच थांबायला लागली. आधी तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे, मग दुसऱ्याच्या. मेडिसिनच्या डॉ. उमाठ्यांनी तपासून सांगितलं की फुप्फुसातला दाब वाढतोय. थोडा आहे, पण वाढतोय. मार्चमध्ये त्यांनी स्पष्ट शब्दांत सुचवलं, की महिन्याच्या महिन्याला रक्त बदलायला सुरुवात करू, आणि दर तीन महिन्यांनी हृदयाची सोनोग्राफी.

अडचण एकच होती. बाहेरचं रक्त चढवलं की पावडरच्या प्रयोगातून नाव कमी होणार होतं. दुसऱ्याच्या पेशी आल्या की मोजमाप बिघडतं.

तेव्हाच शहराच्या टोकाला हुडकेश्वरचं घर उभं राहिलं. धम्मानंद निवृत्त झाले होते. हाती आलेलं सगळं त्यांनी एका नव्या लेआउटमधल्या प्लॉटवर घातलं आणि एकमजली घर बांधलं, मुलीला जिना चढायला लागू नये म्हणून. दारातल्या दोन पायऱ्यासुद्धा त्यांनी गवंड्याकडून मोडून घेतल्या आणि तिथे उतार केला. नळ अजून त्या भागात पोचला नव्हता. सगळ्यांकडे बोअर होते. बाबांच्या बोअरला चांगलं पाणी लागलं, गोड. करिष्मासाठी ते उकळून, अगदी निम्मं आटवून, गार करून ठेवलं जाई.

एप्रिलमध्ये बाबा आणि करिष्मा राहायला गेले; कॉलेजला जवळ पडतं म्हणून माया जुन्या फ्लॅटवरच राहिली, रविवारी तेवढी जेवायला यायची, आणि जूनच्या शेवटी तीही आली. मे महिन्याच्या शनिवारी करिष्माच्या नळीचा आकडा अठ्ठेचाळीस आला. आधी तो कधी बाविसाच्या वर गेला नव्हता. जूनमध्ये सत्तर.

मायाने तो आकडा घरी सांगितला. सांगायला नको होता. नियम तिला ठाऊक होता, आणि जेवताना भाजी वाढता वाढता तिच्या तोंडून तो निघून गेला.

"म्हणजे खरी पावडर मलेच भेटली?" करिष्मा ताटावरून उठलीच.

"असं नाही म्हणता येत अजून."

"पण तुले काय वाटते ते सांग ना वं."

"मले वाटते, भेटली."

आणि करिष्माला बरंही वाटत होतं. दम लागत नव्हता. जवळच्या शाळेत ती नर्सरीच्या मुलांना शिकवायला जाऊ लागली, चालत. संध्याकाळी बाबांबरोबर लेआउटच्या कडेने फिरायची. चेहरा भरला होता. डॉ. उमाठ्यांनी दोनदा निरोप पाठवला, सोनोग्राफी तरी करून घ्या. मायाच म्हणाली, आकडा एवढा चढतोय तर प्रयोग पूर्ण होऊ द्या, शेवटी सोनोग्राफी आहेच. आता रक्त चढवलं तर हातची गोष्ट जाईल.

तिच्या बोलण्यावर घरातल्या कोणी शंका घेतली नाही. घरात शिकलेली तीच होती.

कंट्रोलचा आकडा चढला तो जुलैच्या शनिवारी. माया हट्टी होती. त्यानंतर आठवडाभर तिने मेथी, पालक, चवळी काही खाल्लं नाही. वरण-भात आणि पोळीवर राहिली. मग पुन्हा रक्त काढून लावलं. शहाऐंशी.

रविवारी सकाळी बाबा तर्री-पोहे घेऊन आले. तिघं दारापुढच्या ओट्यावर खात बसले होते. मायाने ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली, आपल्या रक्ताला आता लॅबमध्ये कोणी विचारत नाही, सौरव बाही वर करून ऐटीत फिरतो म्हणून.

करिष्माने चमचा तिच्यावर रोखला. "खरं सांग ताई. तू मही पावडर चोरून खाऊन राहिली का वं?"

बाबा हसले. "डब्बा तपासा लागते आता."

"मी पाहूनच राहिली होती, डब्बा लवकर कसा काय सरते ते! घरात चोर शिरला, बाबा. पीएच.डी. चोर."

माया हसली नाही. तोंडातला घास तिने चावला, गिळला आणि प्लेट बाजूला ठेवली.

एका घरात दोघी. एक पावडर घेते, एक घेत नाही. दोघींचा आकडा या घरात राहायला आल्यावर चढलेला. तर मग तो पावडरने चढलेला नव्हता. दोघींच्या पोटात एकच काहीतरी जात होतं, आणि करिष्माच्या पोटात ते दिवसभर, बाटल्यांमागून बाटल्या जात होतं.

"काय झालं वं?" करिष्माने विचारलं. "खरंच खाल्ली का?"

"नाही. तिखट लागलं," माया म्हणाली.

सोमवारी तिने पिण्याच्या पाण्याची एक बाटली लॅबमध्ये नेली. सौरवला काही सांगितलं नाही. एका नळीत कॉलेजच्या नळाचं पाणी, दुसरीत घरचं. नायट्रेटचं आधी नायट्राइट करायचं, मग त्यावर रंगाचं द्रावण सोडायचं. जेवढं नायट्राइट, तेवढा गुलाबी रंग गडद. नळाच्या पाण्यावर रंग जेमतेम उमटला, गुलाबपाण्याइतका. घरच्या पाण्याची नळी तिच्या डोळ्यांदेखत जांभळट झाली आणि मग इतकी काळपट झाली की मशीनला ती वाचताच येईना. दहा पट पातळ करून वाचावी लागली.

लेआउटमधले प्लॉट लहान होते. प्रत्येकाच्या मागच्या अंगणात एक बोअर आणि एक सेप्टिक टँक, चार पावलांच्या अंतरावर. शेजाऱ्याचा टँक तर त्यांच्या बोअरला अधिकच जवळ. मैल्यातलं नायट्रेट खाली झिरपतं, त्याला रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. उकळलं तर ते जात नाही, उलट दाट होतं. मोठ्या माणसाला त्याने सहसा काही होत नाही. फक्त रक्तात ते दिसतं, आणि चूल पेटल्यासारखं वाटतं. राख दुसऱ्याच घरची असते.

मायाने त्या शनिवारी आपली नळी बादलीत ओतली नसती, तीन ओळींत तिची नोंद करून मॅडमपुढे ठेवली असती, तर हे तेव्हाच कळलं असतं. कंट्रोल कशासाठी असतो? नेमकं हेच सांगण्यासाठी असतो. तो बोलला, तेव्हा तिने कंट्रोलच बदलला.

कामिनी मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न पाण्याबद्दल नव्हता.

"बहिणीचा क्रमांक तुला कसा माहीत?"

मायाने सांगितलं.

"आणि आकडे घरी सांगितलेस?"

"हो."

मॅडमनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "नायट्रेटपासूनही शरीरात थोडा वायू बनतो, हे तुलाही ठाऊक आहे. कदाचित पाण्यानेच तिला बरं वाटत असेल. तिला बरं वाटतंय ना?"

"वाटतंय. पण मॅडम, रक्त आता काहीच सांगू शकत नाही. फुप्फुसच सांगेल."

"मग बसलीस कशाला इथे?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनीच डॉ. उमाठ्यांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी माया बहिणीला घेऊन दवाखान्यात गेली. करिष्माला तिने नुसतं तपासणी आहे एवढंच सांगितलं होतं. करिष्माने शाळेत घालायचा नवा कुर्ता घातला होता, उमाठे डॉक्टरांना दाखवायला. सोनोग्राफीची खोली वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली होती.

"थांब, व्हीलचेअर मागवते. मागून रॅम्प आहे," माया म्हणाली.

"व्हीलचेअर काहून? एकच तर माळा आहे." करिष्मा पायऱ्या चढायलाही लागली होती. "मी काय आता पहिलेवाली करिष्मा राहिली का? शाळेत बत्तीस पोट्ट्यांमागे धावतो आम्ही, मॅडम."

माया तिच्या मागून चढत होती. आधी करिष्मा बोलत होती. मग बोलणं थांबलं. मग कठड्याला धरलेला हात पुढे सरकेनासा झाला. जिन्याच्या वळणापर्यंतही ती पोचली नाही. पायरीवर बसली, आणि तोंड उघडं ठेवून श्वास ओढायला लागली. ओठांचा रंग गेला होता. वरून उतरणारी माणसं तिला ओलांडून जात होती.

बोलता येईना तेव्हा तिने मायाचा हात घट्ट धरून ठेवला. दम थोडा खाली बसल्यावर म्हणाली, "ताई, मी तर बरी झाली होती ना?"

मायाला तेव्हा कळलं. एप्रिलपासून ही एकही जिना चढलेली नव्हती. घराला जिना नव्हता, दारात पायरी नव्हती. शाळा आणि लॅब दोन्ही तळमजल्यावर, रस्ता सपाट. दम गेला नव्हता. दम लागण्याची जागा गेली होती. बाबांनी ती गवंड्याकडून मोडून घेतली होती, आणि त्याच महिन्यात लॅबमधला आकडा चढायला लागला होता. दोन्ही गोष्टी एकमेकींची साक्ष देत होत्या, आणि दोन्ही खोट्या होत्या.

वॉर्डबॉयने खालून व्हीलचेअर आणली. सोनोग्राफी झाली. डॉ. उमाठे पडद्याकडे बघत होते आणि शिकाऊ डॉक्टरला हळू आवाजात आकडे लिहायला सांगत होते. फुप्फुसातला दाब मार्चच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. हृदयाचा उजवा भाग फुगला होता. पोटरी बोटाने दाबली तर खळगा तसाच राहत होता. चेहरा भरलाय असं ज्याला घरात म्हणत होते, ती सूज होती.

"मार्चमध्ये मी रक्त बदलायला सांगितलं होतं," उमाठे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दोन निरोप पाठवले. नको कोण म्हणालं?"

"मी," माया म्हणाली.

करिष्मा टेबलावर पडून होती, कुर्ता वर गुंडाळलेला, छातीवर जेल. तिने मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

त्याच दुपारी तिला भरती केलं. बाबा घरून कपडे आणायला गेले, तेव्हा मायाने पलंगाशी स्टूल ओढून तिला सगळं सांगितलं. कंट्रोलचं रक्त, बोअरचं पाणी, जिना. काही गाळलं नाही. नाकात ऑक्सिजनची नळी लावून करिष्मा ऐकत होती.

"म्हणजे पावडर खोटी?"

"ते माहीत नाही. खरीही असेल. आकडा खोटा होता."

"आन मले बरं वाटत होतं, ते?"

मायाने तिच्या नाकातली नळी नीट केली.

"ते तरी खरंच होतं वं," करिष्मा म्हणाली. "मी खरंच फिरत होती बाबांसोबत." जरा वेळाने तिने पुन्हा डोळे उघडले. "बाबांले पाण्याचं सांगू नको. घर माह्यासाठी बांधलं त्यांनं. समजलं का? लागन तर म्हण, मशीन बिघडली होती."

"हो."

"तुह्यावर मले राग आहे," ती म्हणाली. "लय आहे. पण आता भांडाले दम नाही. बरी झाली का पाहतो तुले."

रक्त बदलायला सुरुवात झाली. पहिल्या खेपेनंतर ती उठून बसली, शाळेतल्या एका मुलाची नक्कल करून तिने शेजारच्या पलंगावरच्या बाईला हसवलं. मग ताप आला. मग छातीत कळ. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ढग दिसले. सिकलसेलच्या माणसात हे अधूनमधून होतं, आणि ज्याचं हृदय धड आहे तो त्यातून पुष्कळदा निभावून जातो. करिष्माचं हृदय आधीच थकलेलं होतं. आयसीयूत तिला मशीनवर घेतलं. डॉ. उमाठ्यांनी सगळं केलं, आणि काय काय केलं ते बाबांना रोज उभं राहून समजावून सांगितलं. ऑगस्ट संपता संपता, एका भर दुपारी, बाबा बाहेर चहा घेत असताना ती गेली.

घरी माणसं जमली. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं. शाळेतल्या बाईंनी नर्सरीच्या मुलांनी काढलेली चित्रं आणून दिली, ती कुठे ठेवायची ते कोणाला कळेना.

प्रयोगातला रुग्ण गेला की त्याच्यापुरतं गुपित उघडावं लागतं, त्याला काय दिलं जात होतं ते प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे ठेवावं लागतं. कामिनी मॅडमनी मायाला खोलीत बोलावून सांगितलं. करिष्माला स्टार्च मिळत होता. सुरुवातीपासून.

मायाने त्याच टेबलावर बसून आपलं म्हणणं लिहून दिलं. आपल्याला क्रमांक माहीत होता, आपण आकडे घरी सांगितले, आपला स्वतःचा नमुना चढल्यावर तो कारण न शोधता टाकून दिला. मॅडमनी वाचलं.

"हे समितीपुढे गेलं, तर तुला प्रयोगातून काढावं लागेल. पीएच.डी.चंही पुढे काय होईल, मी सांगू शकत नाही."

"हो मॅडम."

"शेवटचं वाक्य पुन्हा लिही," मॅडम म्हणाल्या. "कोणत्या तारखेचा नमुना, ते नाही त्यात."

तिने तारीख घालून पुन्हा लिहिलं.

घरी आली तेव्हा बाबा पुढच्या खोलीत खाली सतरंजीवर बसले होते. येणारेजाणारे आता थांबले होते. त्यांनी तिला चपला काढू दिल्या, बसू दिलं.

"मॅडमनं सांगतलं का, डब्ब्यात काय होतं ते?"

"हाव. स्टार्च. नुसतं पीठ, बाबा."

"मंग ते आकडे कायचे होते?"

मशीन बिघडली होती, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. बाबांचं सगळं आयुष्य बिघडलेल्या मशीनपुढे गेलं होतं. त्यांनी ते लगेच मानलं असतं, आणि पुढे विचारलंही नसतं. करिष्मालाही तेच हवं होतं.  पण मायाला वाटलं, या घरात आपण एकदा खोटा आकडा आणला आहे, आता दुसरा आणायचा नाही.

"आपल्या बोअरच्या पाण्याचे," ती म्हणाली.

तिने समजावून सांगितलं. सोप्या शब्दांत, हळूहळू, त्यांना प्रश्न विचारायला जागा ठेवून. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पाण्यानं तिले काही झालं का.

"नाही. पाण्यानं तिले काही नाही झालं. घरानंही नाही. पाणी नुसतं आकड्यात गेलं. आकडा घरी आणला तो मी. थांबू म्हटलं ते मी."

बाबा भिंतीला टेकले. 

"उमाठे डॉक्टर आला होता मह्याकडे," ते म्हणाले. "जूनमध्ये. पेन्शनच्या कामाले गेलो होतो तिकडे, तं तुह्या कॉलेजच्या गेटवर भेटला. म्हणे, रामटेके, पोरीले रक्त देऊन घ्या, उशीर नका करू. तुले नाही सांगतलं मी." त्यांनी घसा साफ केला. "मी त्याले म्हटलं, माही मोठी पोरगी शास्त्रज्ञ आहे गा. तुमच्यापेक्षा तिले जास्त समजते."

 

बाबा भिंतीचा आधार घेत उठले. आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. माया तिथेच बसून राहिली. दार लोटून आत जाता येत होतं, पण ती गेली नाही.